नवऱ्याच्या नावाचं एम.टेक.

आमच्या बॅचच्या यादीत दोनच बायकांची नावं होती. वर्गात मात्र आम्ही तिघी होतो. तिसरी मी. माझं नाव यादीत नव्हतं, कारण मी नवऱ्याच्या नावानं बसत होते.

विषय सायबर सुरक्षा. समोरचा माणूस जो आहे म्हणून सांगतो तो खरंच तोच आहे का, हे तपासायचं शास्त्र. त्यात एम.टेक., ऑनलाइन, दोन वर्षांचं. कुणाला हसू आलं तर येऊ दे. मलाही पहिले काही महिने यायचं, नंतर येईनासं झालं.

हे कुणी ठरवून केलं नाही. माझा नवरा (समोर मी अहोच म्हणते, लिहिताना एकेरीत येतो, चालवून घ्यावं) एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. त्याची शिफ्ट परदेशातल्या घड्याळावर चालते, त्यामुळे कोथरूडातली माणसं दूध आणायला खाली उतरतात तेव्हा हा वर येत असतो. कंपनीनं एक दिवस सांगितलं की सुरक्षेसाठी नवी टीम करणार आहोत, त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण असलेल्यांना तिच्यात घेऊ, बाकीच्यांचं बघू. हे 'बघू' काय असतं ते आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. 'बघू' झालेले दोघेजण दुपारी पार्किंगमध्ये गाड्या पुसताना दिसतात. नवऱ्यानं मुकाट्यानं प्रवेश घेतला.

तास शनिवारी आणि रविवारी सकाळी. पहिल्या शनिवारी तो आंघोळ करून, चहाचा कप घेऊन डायनिंग टेबलावर बसला आणि सरांची ओळख संपायच्या आत बसल्या बसल्या झोपला. मी त्याच टेबलावर मेथी निवडत होते. स्क्रीनवर एक चौकोन आला: आपण उपस्थित आहात का? ठरावीक वेळात बटण दाबलं नाही तर गैरहजेरी, आणि गैरहजेरी वाढली तर परीक्षेला बसता येत नाही, हे मला प्रवेशाच्या वेळी वाचलेलं आठवत होतं. मी मेथीचा हात पदराला, म्हणजे ओढणीला, पुसला आणि बटण दाबलं. माझा प्रवेश झाला तो असा.

त्यात मला विशेष काही वाटलं नाही. त्याचा डबा मी भरते, विम्याचे, बँकेचे अर्ज मी भरते, त्याच्या आत्याला वाढदिवसाचे मेसेज त्याच्या फोनवरून मी पाठवते. त्यात हे एक.

माझं शिक्षण सांगायला हवं. मी विदर्भातली, अमरावतीला एम.सी.ए. केलं. त्याआधी, बारावीच्या सुट्टीत, तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासला जायचे. तिथली सगळी मशीन जुनी. माझ्या वाट्याला आलेल्या मशीनचं 'ए'चं बटण अडकायचं. डाव्या करंगळीनं ते नीट खाली दाबून धरायचं, सुटलं की नाही ते बघायचं आणि मग पुढे जायचं. क्लासच्या बाईंना मी मशीन बदलून मागितलं तर त्या म्हणाल्या, "ज्या पोट्टीचं बोट चांगलं चालते तिलेच हे मशीन देतो आम्ही." मी खूश झाले. अशी मी लवकर खूश होते, तो माझा जुनाच आजार आहे. लग्न होऊन पुण्याला आले, कोथरूडातच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा काही महिन्यांसाठी म्हणून सोडली. हाड जुळलं. नोकरी जुळली नाही.

तर दुसऱ्या शनिवारी सरांनी पहिला खरा पाठ घेतला. माणसाची ओळख पटवायचे तीन मार्ग, ते म्हणाले. त्याला काय ठाऊक आहे, म्हणजे पासवर्ड. त्याच्याजवळ काय आहे, म्हणजे मोबाइल किंवा कार्ड. आणि तो स्वतः काय आहे, म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा. नवरा सोफ्यावर घोरत होता. पासवर्ड मला ठाऊक होता, त्याचा मोबाइल माझ्या हाताशी होता. तीनपैकी दोन परीक्षा मी बसल्या जागी पास होते. मी मोठ्यानं हसले, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "हळू. त्याचा अभ्यास चाललाय ना?"

सासूबाई शनिवार पेठेतल्या. त्यांना सगळं दिसतं आणि त्यातलं सोयीचं तेवढं त्या बघतात. शेजारच्या काकू आल्या की त्या दारातच सांगायच्या, "या वयात एम.टेक. करतोय हो. मान वर करत नाही." हे खरंच होतं. झोपलेला माणूस मान वर कशी करणार? आणि एकदा मी तासात गुंगले असताना गॅसवरचं दूध उतू गेलं, तेव्हा माझ्या शेजारी येऊन शांतपणे म्हणाल्या, "आपण शास्त्रज्ञ होताय याचा आनंद आहे. ओटा तेवढा पुसून घ्या."

मी गुंगले होते हे मात्र खरं. आधी फक्त बटण दाबायला बसायचे, मग ऐकू लागले, मग लिहू लागले. पहिल्या सत्रात एका सर्व्हरच्या नोंदी दिल्या होत्या, म्हणजे कोण कधी आत आलं, काय उघडलं, कधी बाहेर गेलं याच्या ओळीच ओळी, न संपणाऱ्या. त्यातून चोर शोधायचा. बाकीच्यांनी तयार साधनं लावली. मी तांदूळ निवडतात तशा नोंदी निवडल्या, दोन दिवस, दुपारी सासूबाई झोपल्यावर. एक माणूस रोज आत येत होता, काहीच चोरत नव्हता, एक फाइल फक्त उघडून बंद करत होता. बाकी सगळे गडबड करणाऱ्याच्या मागे लागले होते. मी लिहिलं, चोर हा आहे, तो अजून नुसता दार ढकलून बघतोय. बॅचमध्ये ते बरोबर ओळखणारी मी एकटी. सरांनी पुढच्या तासाला नवऱ्याचं नाव घेऊन कौतुक केलं आणि म्हणाले, "माइक चालू करा, तुम्ही कसा विचार केलात ते सगळ्यांना सांगा."

मी सोफ्याकडे धावले आणि नवऱ्याला गदागदा हलवलं. तो अर्धवट डोळ्यांनी उठला, मी दाखवलं तिथे बसला, माइक चालू करून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सर, असाइनमेंटमध्ये लिहिलंय तसंच." आणि माइक बंद. सर म्हणाले, "बघा. कमी बोलणारी माणसं जास्त बघतात." नवरा परत जाऊन झोपला. मी स्वयंपाकघरात गेले, बेसिनचा नळ सोडला आणि रडले. रडू का आलं ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं घाबरले म्हणून.

संध्याकाळी उठल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो खरंच खूश झाला, त्याच्या मनात काळंबेरं नसतं. "म्हणजे आपण हुशार निघालो की," तो म्हणाला. त्या 'आपण'वर मी कितीतरी महिने काढले.

परीक्षा त्याला द्यावी लागायची, कारण तिथे चेहरा लागतो. कॅमेरा चालू, खोलीचं दार बंद, मान इकडे तिकडे वळवली तर ताकीद. आधीच्या आठवड्यात मी त्याला शिकवायचे. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता, तो दाढी करताना, शिफ्टला जायच्या आधी बुटांच्या नाड्या बांधताना. बिचारा प्रयत्न करायचा. पर्याय निवडायचे प्रश्न असायचे, त्यामुळे काठावर का होईना निघायचा. असाइनमेंटला वरचे गुण आणि परीक्षेत काठावर. सरांनी एकदा लिहून विचारलंही, परीक्षेचं दडपण येतं का म्हणून. मी उत्तर लिहिलं: हो सर, कॅमेऱ्यासमोर माझा मी राहत नाही. लिहिल्यावर वाचलं आणि तसंच पाठवून दिलं.

आई फोन करायची. तिला मी सांगितलं होतं, तिच्यापासून मला काही लपवता येत नाही. ती ऐकून घ्यायची, कौतुकाचं काही बोलायची नाही. एकदा म्हणाली, "पोरी, तुह्या नावाचं काही भेटते का वं त्यातून?" मी म्हटलं, आई, शिकायला मिळतं. ती म्हणाली, "थे तर दिसूनच राह्यलं," आणि वडिलांच्या गुडघ्याचं बोलू लागली. मला राग आला. खरं बोललेलं मला फोनवर सोसत नाही.

शेवटच्या वर्षी प्रबंध. विषय मीच निवडला. माणूस टाइप कसा करतो, यावरून तो कोण आहे हे ओळखायचं. जिन्यावर पावलं वाजली की घरातल्यांना कोण आलं ते दार उघडायच्या आधी कळतं, तसं. प्रत्येक जण एखादं बटण किती वेळ दाबून धरतो, एका बटणावरून दुसऱ्यावर किती वेळात जातो, कुठे अडखळतो, हे सगळं प्रोग्रामनं मोजायचं. पासवर्ड चोरता येतो, मोबाइल चोरता येतो, बोटांची ही चाल चोरता येत नाही. म्हणजे पासवर्ड बरोबर असला तरी बोटं दुसऱ्याची असतील तर दार उघडायचं नाही.

असा प्रोग्राम शिकवायला एकाच माणसानं पुष्कळ टाइप केलेलं लागतं. ते होतंच. त्या लॅपटॉपवर, नवऱ्याच्या नावानं, मीच तर टाइप करत होते. महिनोन् महिने मी प्रबंध लिहीत गेले आणि प्रोग्राम बाजूला बसून माझी बोटं शिकत गेला. आत शिरायला एक वाक्य ठेवलं होतं: आपलं पत्र मिळालं, मजकूर समजला. टायपिंगच्या क्लासमधल्या इंग्रजी वाक्याचं मराठी. मोबाइलवर लिहितो तसं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं. बरोबर माणूस असला तर हिरव्या अक्षरांत 'ओळख पटली', नसला तर तांबड्या अक्षरांत 'ओळख पटली नाही'. परीक्षकांसाठी खाली तेच इंग्रजीत. शिवाय आणखी एक नियम मी घातला होता, कारण कच्चं काम मला आवडत नाही: ज्याला विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक नाही त्याची बोटं प्रोग्राम साठवून घेणार नाही.

चाचणीसाठी तोतये लागतात, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं आत शिरू बघणारे. घरातलेच घेतले. आमची शाळकरी मुलगी, शेजारच्या काकू, सासूबाई (त्या एका बोटानं, अक्षर सापडेपर्यंत पुटपुटत) आणि नवरा. नवरा दोन बोटांनी टाइप करतो, भराभर, चणे फुटाणे फोडल्यासारखं. प्रोग्रामनं सगळ्यांना अडवलं. मला प्रत्येक वेळी आत घेतलं. गंमत म्हणून मी मोजमापं उघडून बघितली, तो मला कशावरून ओळखतो म्हणून. सगळ्यात वर होतं 'ए'. ते मी इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ दाबून धरते आणि सोडल्यावर क्षणभर थांबते. ते मशीन आता कुठल्या भंगारात असेल. माझी करंगळी अजून त्याच्या सुटण्याची वाट बघते आणि हे माझ्या स्वतःच्याही लक्षात आलेलं नव्हतं. नवऱ्याच्या तर नव्हतंच, त्याला माझी चहात साखर किती हेही नक्की ठाऊक नाही. मी त्या आकड्यांकडे बघत बसले. मला फार बरं वाटलं. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन बघितल्यावर वाटतं तसं.

मग तोंडी परीक्षा आली. त्या तयारीत मी कुठलीही कसर ठेवली नव्हती. चाळीसेक पानांचं सादरीकरण, आलेख, मी टाइप करून केलेलं चित्रण, ज्यात फक्त स्क्रीन दिसतो. नवऱ्याकडून सगळं घोकून घेतलं. या परीक्षेला दार बंद ठेवायची अट नव्हती, म्हणून मी लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, टेबलापलीकडे स्टुलावर बसले. मला स्क्रीन दिसत नव्हता. नवऱ्याचा चेहरा तेवढा दिसत होता. सासूबाईंनी त्याच्या हातावर दही ठेवलं. माझ्या हातावर कशाला ठेवतील?

पाऊण सादरीकरण छान झालं. सर मार्गदर्शक म्हणून हजर होते आणि बाहेरच्या परीक्षकांना सांगत होते की हा आमच्या बॅचमधला सगळ्यात बारकाईनं बघणारा विद्यार्थी. परीक्षक म्हणाले, "वा. चित्रण ठीक आहे, पण आता प्रत्यक्ष दाखवा ना. तुमच्याच नावानं लॉगिन करा."

यात काही अडचण आहे हे मला त्या क्षणी सुचलंच नाही, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. त्यालाही सुचलं नाही. त्याच्या नावाखाली मी असते, हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही लपवलेलं आहे हेच आम्ही विसरलो होतो. चोर इतका जुना झाला की त्याला घरची किल्ली मिळाली. नवऱ्यानं आत्मविश्वासानं स्वतःचं नाव निवडलं आणि वाक्य टाइप करायला घेतलं. टक टक टक टक, दोन बोटांनी. तो आवाज कानावर पडला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात वर केला, थांब म्हणून. त्यानं बघितलं नाही.

त्याच्या चष्म्याच्या काचेत तांबडं उमटलं.

त्यानं पुन्हा टाइप केलं. पुन्हा तांबडं. तिसऱ्यांदा हळू टाइप केलं, परीक्षेत अक्षर सुधारायला बघणाऱ्या मुलासारखं. तांबडं. परीक्षक हसले, वाईट नव्हे, चांगल्या माणसासारखे हसले. "अहो, तुमचा प्रोग्राम तुम्हालाच ओळखत नाहीये."

नवऱ्यानं लॅपटॉपवरून माझ्याकडे बघितलं. मी काय खूण करणार होते? माझे हात मांडीवर होते आणि त्या खोलीत ते वाक्य टाइप करू शकणारे तेवढेच हात होते. मग नवरा कॅमेऱ्याकडे वळला आणि म्हणाला, "सॉरी सर. मॉडेलमध्ये चूक आहे. डेटा कमी पडला असणार."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. प्रबंध नापास केला नाही, सुधारून द्यायला सांगितलं. नोंदणीकृत विद्यार्थ्याला प्रोग्राम ओळखतो याचं नवं चित्रण, आणि त्यात टाइप करणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. पंधरवड्याची मुदत.

लॅपटॉप बंद झाल्यावर मी म्हटलं, "चूक म्हणालात?"

"मग काय म्हणू? बायकोचे हात आहेत म्हणू?"

"चूक नव्हती ती."

"मला माहीत आहे गं." तो डोकं धरून बसला होता. "पण नोकरी जाईल."

नोकरी जाईल. तीही माझीच नोकरी होती, त्याच्या नावाची. सासूबाई आतून म्हणाल्या, "नापास नाही ना केलं? मग जेवायला बसा."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. प्रबंध सुधारून दिला, पदवी मिळाली, बेताच्या श्रेणीत. सासूबाईंनी ती कसबा पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून फ्रेम करून आणली. कंपनीत टीम झाली, नवरा तिच्यात गेला. तो कामावरून फोन करून विचारायचा आणि मी भाजीवाल्यापुढे उभी राहून उत्तरं द्यायचे. काही महिन्यांनी कंपनीनं ती टीमच परदेशातल्या ऑफिसात हलवली. आता तो पुन्हा सर्व्हर सांभाळतो, पुन्हा सगळ्यांचं बघू चाललं आहे. मीही एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. समोरच्या मुलीनं तांत्रिक प्रश्न विचारले आणि मी सगळी उत्तरं दिली. तिचा चेहरा उजळत गेला. मग म्हणाली, "मॅम, सिक्युरिटीमध्ये काही फॉर्मल केलंय का?" मी म्हटलं नाही. "मग हे सगळं कुठे शिकलात?" मी म्हटलं, "घरी." तिनं 'कळवतो' म्हटलं, अगदी मनापासून, आणि कळवलं नाही. नवरा म्हणतो, तू आता स्वतःच्या नावानं करून टाक ना, तुला तर सगळं येतंच. त्याला खरंच वाटतं तसं. येतंच आहे ते पुन्हा पहिल्यापासून शिकत असल्याचं सोंग करायचं, एवढंच काय ते बाकी आहे.

पण मला त्यातलं काही आठवत बसावंसं वाटत नाही. आठवतो तो प्रबंध सुधारण्याचा रविवार. सकाळी नवऱ्याला झोपेतून उठवलं आणि टेबलाशी बसवलं. प्रोग्रामला त्याची बोटं शिकवायची होती. एका क्रमांकावर एकाच माणसाची बोटं बसतात, म्हणजे आधी माझी काढायला हवी होती. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. जांभई देत म्हणाला, "तुझी वेगळी ठेव ना सेव्ह करून. इतकं केलंस."

मी खरंच ठेवायला गेले. नवीन नोंद उघडली, माझं नाव टाइप केलं. ते नाव त्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदाच टाइप करत होते. पुढचा रकाना आला: नोंदणी क्रमांक. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. नियम मीच घातला होता. मलाच तो एक ओळ पुसून काढता आला असता, चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळात. मी पुसला नाही. त्या नियमात काही चुकीचं नव्हतं. वर्गात ज्याचं नाव नाही त्याला आत घ्यायचं नाही, हे बरोबरच आहे, मीच प्रबंधात दोन पानं लिहून ते सिद्ध केलेलं होतं.

मी ती नोंद बंद केली. जुनी निवडली आणि काढून टाकली. नवऱ्यानं दुपारपर्यंत तेच वाक्य पुन्हा पुन्हा टाइप केलं, आपलं पत्र मिळालं, मजकूर समजला, दोन बोटांनी, मधे दोनदा डुलकी घेऊन. मग चेहऱ्यासकट चित्रण झालं. हिरवं आलं. तो सुटकेनं उठला आणि आत जाऊन आडवा झाला.

मी त्याच्या खुर्चीवर बसले. ती अजून गरम होती. तेच वाक्य टाइप केलं, नेहमीसारखं, करंगळी दाबून धरत, सुटायची वाट बघत. तांबडं आलं. मी आणखी एकदा केलं, अगदी सावकाश, कुठे चूक नको म्हणून. प्रोग्रामला आता शंकाच नव्हती.

"चालतंय ना?" नवऱ्यानं आतून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आता बरोबर चालतंय."